तुटावी अशी दोरी

माझ्या सासऱ्यांना आमच्या गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. खिशात पेनाच्या जागी टेस्टर, म्हणून लहानथोर सगळे त्यांना टेस्टरकाका म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातली वीज जोडली, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. कुणाकडे चहाला गेले तरी कप हातात यायच्या आधी त्यांची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे जाते. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या माहेरी आले आणि माझ्या वडिलांशी चार शब्द बोलायच्या आत त्यांनी आमच्या गिझरची वायर सोडवून ठेवली. "मी नवीन घेऊन येतो, तोवर हात लावू नका," असं बजावून निघून गेले. वडील बिचारे आठवडाभर गार पाण्याने अंघोळ करत होते. नवीन वायर मात्र आली, आणि ती अजून शाबूत आहे.

या घरात आल्यापासून मी त्यांचा एक नियम ऐकत आलेय, पाणी आणि तार एका जागी नको. ओल्या हाताने बटण दाबलं म्हणून त्यांनी मला, माझ्या नवऱ्याला आणि एकदा तर जेवायला आलेल्या पाहुण्यांनाही फैलावर घेतलंय. पाहुणे पुन्हा आले नाहीत.

आमच्या घरात मासे पकडतात त्या सासूबाई. हे सांगितलं की लोक आधी सासऱ्यांकडे बघतात, आपली ऐकण्यात काहीतरी चूक झाली असावी अशा चेहऱ्याने. चूक नाही. सासूबाई नकाशे काढणाऱ्या कचेरीत आरेखक होत्या. आठवडाभर कागदावर नद्या आणि तळी काढायची आणि सुट्टीच्या सकाळी खऱ्या तळ्याकाठी गळ टाकून बसायचं, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम. सवय त्यांच्या वडिलांनी लावलेली. बाबा, म्हणजे माझे सासरे, बरोबर जायचे, पण पाण्यापासून दहा पावलं लांब झाडाखाली पेपर घेऊन बसायचे. मासा लागला की "लागला का?" एवढं विचारायचे आणि पान उलटायचे.

दोन वर्षांपूर्वी आईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. उजवा पाय निम्मा परत आला. बोलणं परत आलं, पण मोजकं. आधी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आता एका वाक्याला दोन-तीन शब्द खर्च करतात, पण ते असे निवडतात की समोरच्याला बरोबर झोंबतात. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, सगळ्यात आधी काय करता यायला हवंय? चालणं? जेवणं?" आई म्हणाल्या, "गळ." त्या बाईंना वाटलं गळा दुखतोय. त्यांनी वाकून घसा तपासला.

एका हाताने काठीवरचं दोरी गुंडाळायचं रीळ फिरवता येत नाही, म्हणून आईंनी रीळ काढूनच टाकलं. आखूड, बिनरिळाची काठी घेतली, जिच्या टोकाला दोरी थेट बांधलेली असते. डाव्या हाताची पकड तेवढी पक्की नाही, म्हणून काठी मनगटाला पट्ट्याने बांधायची. पाठ असलेली लाकडी खुर्ची तळ्याकाठच्या फळ्यांच्या धक्क्यावर ठेवायची आणि बसायचं. पहिला मोसम छान गेला. तळहाताएवढे मासे यायचे, आई ते निरखून परत पाण्यात सोडायच्या, आणि घरी येताना त्यांचा चेहरा असा असायचा की मी रस्त्यात दोनदा त्यांच्याकडे बघून घ्यायचे.

मग गेल्या वर्षी तो दिवस आला. इथे लीडर म्हणजे काय ते सांगायला हवं. मुख्य दोरी आणि गळ यांच्या मधे हातभर लांबीचा एक वेगळा तुकडा बांधतात, त्याला लीडर म्हणतात. मासा चावतो, हिसका देतो, पाण्यातल्या दगडावर दोरी घासते, ते सगळं या तुकड्यावर येतं. तळ्याच्या वाटेवरच्या दुकानदाराने आईंना वेणीसारख्या विणलेल्या दोरीचा लीडर दिला होता. "याला बैल बांधा, तुटणार नाही," असं तो म्हणाला होता. खोटं नव्हतं. त्या दिवशी एका मोठ्या मिशीवाल्या माशाने गळ गिळला आणि सरळ खोल पाण्याकडे निघाला. काठी सरळ झाली, हात सरळ झाला, आणि पट्टा मनगटाला बांधलेला. लीडर तुटला नाही. आई खुर्चीतून उचलल्या गेल्या आणि गुडघाभर पाण्यात तोंडावर पडल्या. तळ्याच्या रखवालदाराने धावत येऊन त्यांना बाहेर काढलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. बाबा झाडाखालून धावले, पण दहा पावलं त्यांना पोचायला फार वेळ लागला.

नवऱ्याने ती काठी कपाटावर टाकली. "आता पुरे," म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. त्याने त्या दिवशी आईला पाण्यातून आणलेलं बघितलं होतं, आणि त्याच्या जागी मी असते तर काठी जाळलीच असती.

हाड जुळलं, पण आईंनी हात टेकले. व्यायामाच्या बाई आल्या की डोळे मिटून घ्यायच्या. धडधाकट डावा हातसुद्धा मांडीवर ठेवून द्यायच्या. गॅलरीत खुर्ची टाकून दिली तर खाली रस्त्याकडे न बघता समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत बसायच्या. मी चिडायचे, लाडीगोडी लावायचे, पुन्हा चिडायचे. काही उपयोग नव्हता. ही बाई आता याच खुर्चीत संपणार, असं मला वाटायला लागलं होतं आणि त्याची मला फार भीती वाटत होती.

एका सकाळी नाश्त्याला बाबा अचानक म्हणाले, "फ्यूज नव्हता."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं. त्याला वाटलं, कुठला तरी दिवा गेला.

"लीडरला. सगळी लाइन एकाच ताकदीची, मधे कमकुवत जागाच नाही. घरात आपण मुद्दाम एक बारीक तार ठेवतो. लोड वाढला की आधी ती जाते, म्हणून घर वाचतं. इथे दुकानदाराने सगळ्यात जाड तारेचा फ्यूज बसवला. मग काय होणार? घर जळणार." त्यांनी पाव खाली ठेवला. "लीडर असा हवा की लहान मासा येईल, पण तिची पाठ खुर्चीवरून सुटायच्या आत तो तुटेल."

नवरा म्हणाला, "बाबा, आई आहे ती. मीटर नाही."

"म्हणूनच जास्त नीट मोजायला हवं," बाबा म्हणाले.

अर्धा तास वाद झाला. शेवटी नवऱ्याने अट घातली. बाबांनी त्याच्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवायचं की दोरी वेळेवर तुटते. दाखवलं तर काठी खाली येईल. आणि त्यानंतर आई एकदा जरी खुर्चीतून पुढे गेली, तर काठी कायमची जाईल. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आईंनी मान वळवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

बाबा हट्टाला पेटले की घराचं काय होतं ते मला माहीत होतं. गॅलरीच्या कठड्याला हुक ठोकले गेले. स्प्रिंगचा वजनकाटा आला. जेवणाच्या टेबलावर दोऱ्यांची रिळं पसरली, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

आधी आईंना मोजायचं होतं. खुर्ची घरातल्या बोळाच्या एका टोकाला, काठी मनगटाला बांधलेली, आणि दुसऱ्या टोकाला बाबा दोरीत काटा अडकवून ओढायला उभे. वही माझ्याकडे.

"मी काय मोटार आहे?" आई म्हणाल्या.

"हलू नकोस. पाठ खुर्चीला टेकव. सुटली की सांग."

बाबा ओढत गेले आणि आकडे सांगत गेले. एक. दीड. दोनला आईंचा हात सरळ झाला. "अडीच," बाबा म्हणाले आणि दोरी सैल सोडली. "अडीच लिही. अडीचला पाठ सुटते." मी खाली मान घालून लिहीत होते, मी अडीच लिहिलं. आई काहीतरी बोलणार होत्या, पण बाबांनी तोवर काटा गुंडाळायला घेतला होता.

मग अडीच किलोला तुटेल अशी दोरी शोधायची मोहीम. बाबांनी पहिल्यांदा काय बांधलं असेल? फ्यूजची तार. खणात होतीच. एक पीळ पडला आणि तार कापसासारखी तुटली. आई गॅलरीतून बघत होत्या. "मासा हसेल," म्हणाल्या. मग पोलादी तार आणली. धारदार दातांच्या माशांसाठी ती वापरतात, पण ती तुटायला बाबांनाच कठड्यावरून लोंबकळावं लागलं असतं. विणलेल्या दोरीला ते हात लावायला तयार नव्हते, तिचं रीळ त्यांनी कचऱ्यात टाकलं आणि वर झाकण दाबलं. शेवटी उरला साधा नायलॉनचा तंगूस, मासेमारीची नेहमीची एकपदरी दोरी. तो आधी ताणला जातो आणि मग तुटतो, म्हणजे तुटायच्या आधी हाताला कळतं, हे बाबांना फार आवडलं.

रिळावर छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कारखान्यातला माणूस कुठल्या गाठीने बांधून बघतो कुणास ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्वतः गाठ मारायचे, प्रत्येक तुकडा फडक्याने स्वच्छ कोरडा पुसायचे, मग हुकाला अडकवून ओढायचे. तुकडा तुटला की आकडा वहीत. एका जाडीचे वीस तुकडे. मग दुसरी जाडी, तिचे वीस. रोज संध्याकाळी घरात तट तट असा आवाज. शेजारच्या आजोबांनी येऊन विचारलं, सून भांडी फोडते का. मी म्हटलं, अजून नाही.

पंधरा दिवसांनी एक तंगूस सापडला जो वीसपैकी वीस वेळा अडीचच्या आसपास तुटला. नवऱ्यासमोर पुन्हा पाच तुकडे ओढले. पाचही तुटले. नवऱ्याने स्टूल घेतलं आणि काठी खाली काढली. धूळ त्यानेच पुसली.

पहिल्या सुट्टीला आम्ही दोघी आणि बाबा तळ्यावर गेलो. बाबा या वेळी झाडाखाली बसले नाहीत, खुर्चीला खेटून उभे राहिले. आईंनी गळ टाकला. अर्ध्या तासात दोरीवरचा तरंगा बुडाला. आईंनी काठी उचलली, दोरी ताणली, पाण्यात जाड ओठांचा, मध्यम मासा वळताना दिसला, आणि तट. गेला. आईंनी दुसरा लीडर बांधायला सांगितला. पुन्हा मासा, पुन्हा तट. तिसरा तर वीतभर होता, भाजीच्या पिशवीची माझ्या हाताला याहून जास्त ओढ लागते. तोही गेला.

आईंनी काठी मांडीवर ठेवली. बाबांकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मुद्दाम बारीक. मला बसवून ठेवायला. बाहुली."

"अगं, अडीचची आहे. वहीत आहे. वीस वेळा ओढलीय."

"घरी चला," आई म्हणाल्या.

बाबांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत त्यांनी चुकीची तार लावली असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारी आता आईच. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. गॅलरीत जाऊन पुन्हा तुकडे ओढायचे. पुन्हा अडीच. काटा तपासला, साखरेचं पाकीट लावून बघितलं. काटा बरोबर. तिसऱ्या दिवशी त्यांनी रीळ खिशात घातलं आणि मला म्हणाले, "चल, त्या बैलवाल्याकडे."

दुकानदार तसा भला माणूस. आईंच्या पडण्याचं त्याला कळलं होतं, आणि त्यामुळे आम्हाला बघून तो आधी आत जायला लागला होता. बाबांनी सगळं सांगितलं. त्याने तंगूस बोटांवर ताणून बघितला आणि विचारलं, "गाठ आवळताना ओली करता ना?"

"ओली?" बाबांनी अशा स्वरात विचारलं, जणू त्याने स्विचबोर्डवर बादली ओतायला सांगितली होती.

"थुंकी लावायची, काका. कोरडी गाठ आवळली की घासून तापते, दोरी तिथेच मार खाते. आणि कोरड्यातच ओढून बघितलीत? नायलॉन पाणी पितं. पाण्यात राहिलं की ढिलं पडतं, ताकद उतरते."

मी बाबांकडे बघितलं आणि मला हसू आवरेना. मोठ्याने हसले, दुकानात, सासऱ्यांसमोर. जगातला दुसरा कुठलाही माणूस मासे पकडायची दोरी एकदा तरी पाण्यात बुडवून बघेल. बाबांनी वीस-वीस तुकडे फडक्याने पुसून कोरडे केले होते, कारण तारेजवळ पाणी येऊ द्यायचं नाही हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. बाबा आधी माझ्यावर रागावले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि दुकानदाराला विचारलं, "पाणी न पिणारी आहे का?"

होती. फ्लुरोकार्बन. दुकानदाराने तिच्याबद्दल बरंच सांगितलं, पाण्यात दिसत नाही, बुडते, दगडाला घासली तरी टिकते, जरा ताठ असते म्हणून गाठीला दमाने घ्यावं लागतं. बाबांनी एवढंच ऐकलं की कोरडी आणि ओली, दोन्हीकडे आकडा तोच राहतो. त्यांनी चार वेगवेगळ्या जाडीची रिळं घेतली.

आता चाचण्या न्हाणीघरात. टबमध्ये दोऱ्या रात्रभर भिजत पडलेल्या, आणि बाबा रबरी चपला घालून, दिव्याचं बटण बंद करून, खिडकीच्या उजेडात काटा ओढतायत. आम्हाला अंघोळीला नंबर लावावा लागायचा. नायलॉनचा तंगूस भिजवून ओढला तर दोनलासुद्धा पोचला नाही. फ्लुरोकार्बन मात्र जशीच्या तशी. बाबा हातात तुकडे घेऊन आईंकडे गेले, एखाद्या शाळकरी पोरासारखे.

"ओली करून बघितली नव्हती. माझी चूक. मुद्दाम नव्हतं काही. आता ही अडीचची म्हणजे अडीचचीच."

आईंनी तुकडा डाव्या हातात घेतला, दाताने एक टोक धरून ओढून बघितला.

"अडीच का?" त्या म्हणाल्या.

"अगं, मोजलं ना आपण."

"नाही मोजलं. तुम्ही थांबलात."

बोळात मी भाजी निवडत होते, तो हात तसाच राहिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. वही उघडलीसुद्धा नाही.

"पाठ नव्हती सुटली," आई म्हणाल्या. "मी बोलणार होते."

बाबा खाली बसले. असे माझे सासरे मी कधी बघितले नव्हते. "खांदा पुढे आला," ते म्हणाले. "तुझा खांदा पुढे आला आणि मला तो दिवसच दिसला. मला पुढे ओढवेना. अडीच म्हणालो. मला खरं किती ते माहीतच नाही."

मला वाटलं, आई आता फाडून खाणार. आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, डावा, आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "उठा. ओढा."

या वेळी काटा मी वाचला. बाबा फक्त ओढत होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते, हे मी आईंना सांगितलं नाही, पण त्यांना दिसतच असणार. दोन, अडीच. खांदा पुढे आला. पावणेतीन. आईंनी डावी टाच जमिनीत रोवली. तीन. आईंचे ओठ पांढरे पडले होते. "ओढा," त्या म्हणाल्या. सव्वातीन. पाठ अजून खुर्चीला. साडेतीनला पाठ सुटली, आणि मी "बास" म्हटलं. बाबांनी डोळे उघडले.

"साडेतीन," मी म्हटलं.

"मग तीनची लावतो," बाबा म्हणाले.

"सव्वातीन," आई म्हणाल्या.

"मधे जागा नको का थोडी? वायरमन नेहमी..."

"पाव किलो जागा. पुरे." आणि मग त्यांनी आजारपणानंतरचं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं, थांबत थांबत, प्रत्येक शब्द शोधून. "मला मासा पकडायचाय, न पडण्यासाठी... घरीच बसता येतं."

बाबांनी सव्वातीनची दोरी निवडली. ओली गाठ, ओला तुकडा, वीसपैकी वीस. नवऱ्याला खरं काय झालं ते मी सांगितलं, अडीचची गोष्टसुद्धा. त्याने वही मागून घेतली आणि ते पान वाचलं. मग म्हणाला, येत्या सुट्टीला मीपण येतो. आईला सांभाळायला येतोय की काठी जप्त करायला, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ढगाळ सकाळ होती, नंतर ऊन पडलं. आईंनी बसल्यावर पट्टा स्वतः आवळला, दाताने. पहिल्या तासात दोन मासे आले. बाबांनी जाळी पुढे केली, आईंनी दोन्ही निरखले आणि सोडून दिले. दुसरा चांगला किलोभराचा होता. नवरा म्हणाला, "झालं ना आई, मस्त झालं, निघूया का?" आईंनी नवीन आमिष लावायला सांगितलं.

तरंगा बुडाला नाही, बाजूला सरकत गेला. आईंनी काठी उचलली आणि काठी अर्ध्यातून वाकली. मग मासा खोल पाण्याकडे वळला. काठी सरळ झाली. हात सरळ झाला. अगदी तसंच, त्या दिवसासारखं. रखवालदार पलीकडून ओरडत उठला. नवरा पुढे झेपावला, आणि बाबांनी त्याला मागून शर्टाला धरलं. त्यांची पकड सुटली नाही.

"थांब," ते म्हणाले.

"बाबा, सोडा."

"थांब म्हणतो ना. हात लावू नकोस तिला."

आईंचा खांदा पुढे गेला. टाच फळीत रुतली. खुर्चीचा एक पाय किंचित उचलला गेला. मनात मी नुसतं तूट, तूट म्हणत होते. दोरीतून बारीक सूर यायला लागला होता. आई मागे रेलल्या, सगळ्या अंगाने, मेलेल्या उजव्या बाजूसकट, आणि तट झालं. दोरी हवेतून मागे येऊन बाबांच्या टोपीवर पडली. खुर्चीचा पाय खाली टेकला. आईंची पाठ खुर्चीला आदळली आणि तिथेच राहिली.

रखवालदार धापा टाकत पोचला. "गेला का? मोठा होता हो. फार वाईट झालं."

"तुटली," बाबा त्याला म्हणाले. ते ओल्या फळीवर बसून रडत होते आणि हसत होते, पाण्यात भिजलेली विजार त्यांना कळतही नव्हती. "तुटली ना. बघितलंत? बरोबर तुटली." रखवालदाराने माझ्याकडे बघितलं. मासा गेला म्हणून एवढा आनंदलेला माणूस त्याने त्या तळ्यावर कधी पाहिला नसणार.

नवरा आईंच्या समोर जाऊन उभा राहिला होता. आईंनी श्वास सावरला. मनगटावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता, तो त्यांनी बघितला आणि सोडून दिला.

"बसलेय मी," त्या त्याला म्हणाल्या. "बघितलंस?"

"बघितलं, आई."

"मग बाजूला हो. पाण्यावर सावली पडते."

तो बाजूला झाला.